हॉर्न बदलायचाय? आधी नियम ११९, मग पाना

गाडीचा हॉर्न बदलून घेणं पुण्यात अवघड नाही. नाना पेठेत दुकानदार काउंटरवरच्या बॅटरीला एकेक हॉर्न लावून वाजवून दाखवतो. ज्याच्या आवाजाने दुकानातली गिऱ्हाइकं दचकतात तो बहुतेक वेळा पसंत पडतो आणि बाहेर रस्त्यावरच बसवून मिळतो. गोची इथेच आहे. समोरचा दचकेल असा आवाज काढणं हीच नेमकी कायद्याने मना केलेली गोष्ट आहे, आणि ती दुकानात कोणी सांगत नाही.

हॉर्न बदलणं मात्र बेकायदा नाही. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ मध्ये गाडीत फेरफार करायला मनाई आहे, पण ती गाडीच्या मूळ रचनेत बदल करण्याबद्दल आणि आरसीवर नोंदलेला तपशील बदलण्याबद्दल आहे. हॉर्नचा मेक किंवा मॉडेल आरसीवर नसतं. मानकात बसणारा हॉर्न लावायला संगम पुलाजवळच्या आरटीओत अर्ज करावा लागत नाही, शिक्काही लागत नाही. प्रश्न फक्त एवढाच, की तुम्ही लावताय तो हॉर्न मानकात बसतो का.

नियम काय म्हणतो

केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला नियम ११९ हॉर्नसाठी आहे. पहिल्या पोटनियमानुसार गाडीला आयएस १८८४ या भारतीय मानकात बसणारा इलेक्ट्रिक हॉर्न किंवा तसं उपकरण हवं, आणि गाडी येते आहे किंवा कुठे आहे याचा पुरेसा इशारा त्यातून मिळायला हवा. १ जानेवारी २००३ पासून गाडीवरच्या हॉर्नच्या बसवणीला एआयएस-०१४ हे वाहन उद्योगाचं मानक लागू आहे. ही एआयएस मानकं प्रसिद्ध होतात ती वेताळ टेकडीवरच्या एआरएआय या वाहन-संशोधन संस्थेकडून. म्हणजे देशभरच्या हॉर्नचा हिशेब ज्या कागदावर आहे, तो कोथरूडच्या डोक्यावरूनच निघतो.

दुसरा पोटनियम जास्त महत्त्वाचा आहे. तो दोन गोष्टींना मनाई करतो. पहिली, एकामागून एक वेगवेगळे सूर काढणारा हॉर्न. दुसरी, अवाजवी कर्कश, चिरका, मोठा किंवा घाबरवून सोडणारा आवाज करणारं कोणतंही उपकरण.

यातल्या ‘एकामागून एक’ या शब्दांवर बरंच काही ठरतं. अनेक गाड्यांत कंपनीच दोन हॉर्न देते, एक खालच्या सुराचा आणि एक वरच्या. दोन्ही एकाच वेळी वाजतात आणि कानाला एकच भरीव आवाज येतो. हे चालतं. पण तेच दोन हॉर्न आलटून-पालटून वाजवणारा फ्लॅशर किंवा खास रिले (विजेवर चालणारा स्विच) मध्ये टाकला, की ‘पीं-पां, पीं-पां’ सुरू होतं आणि हॉर्न नियमाबाहेर जातो, भले दोन्ही हॉर्न आयएसआय मार्कचे असोत. बाजारात ‘मल्टिटोन’, ‘बारा धून’, ‘म्युझिकल’ म्हणून जे विकतात ते सरळ या मनाईत येतं. रिव्हर्स टाकल्यावर गाणं वाजवणाऱ्या डबीलाही, ती ‘आवाज करणारं उपकरण’ असल्यामुळे, हाच पोटनियम लावता येतो. अशी डबी बसवलेली असेल तर काढून साध्या एकसुरी बझरवर या.

सायरन आणि हूटरसाठी तिसरा पोटनियम आहे. रुग्णवाहिका, अग्निशमन व बचाव वाहनं, कामावर असलेल्या पोलिसांची आणि मोटार वाहन विभागाच्या अधिकाऱ्यांची वाहनं, आणि बांधकामाची यंत्रं यांनाच ती सूट आहे, तीही नोंदणी प्राधिकाऱ्याने मान्य केलेल्या आवाजापुरती. पक्षाचा झेंडा किंवा पदाची पाटी लावली म्हणून खासगी गाडीला भोंगा लावता येत नाही.

केंद्रीय मंत्री नितीन गडकरी यांनी बासरी, तबला अशा भारतीय वाद्यांच्या आवाजाचे हॉर्न असावेत, असा विचार जाहीरपणे मांडला होता. त्याचा हवाला देत काही दुकानं ‘आता हे चालतं’ म्हणून माल खपवतात. मंत्र्यांनी बोलून दाखवणं वेगळं आणि नियमात दुरुस्ती होणं वेगळं. चौकात अडवलं की नियम ११९ मधला मजकूर चालतो, बातमीचं कात्रण नाही.

९३ ते ११२: आकडा समजून घ्या

एआयएस-०१४ प्रमाणे मोटारीवर बसवलेल्या हॉर्नचा आवाज गाडीच्या समोर ७ मीटरवर मोजला असता ९३ ते ११२ डेसिबल (ए), म्हणजे माणसाच्या कानाला जुळवून मोजलेले डेसिबल, यांच्या दरम्यान हवा. या पट्ट्याला खालची हद्दही आहे, आणि ती लोक विसरतात. दोनपैकी एक हॉर्न मेलेला, दुसरा पाणी जाऊन घोगरा झालेला, अशी गाडीही नियमात बसेलच असं नाही.

खोक्यावरचा आकडा आणि हा आकडा एकच नसतो. सुटा हॉर्न २ मीटरवर मोजतात आणि त्याची हद्द १०५ ते ११८ डेसिबल आहे. अंतर दुप्पट झालं की मोकळ्या जागेत आवाज साधारण ६ डेसिबलने उतरतो. २ मीटरवरून ७ मीटरवर गेलं की जवळजवळ ११ डेसिबल कमी होतात. म्हणून २ मीटरवर ११८ दाखवणारा हॉर्न गाडीवर, ७ मीटरवर, १०७ च्या आसपास येतो आणि हद्दीत राहतो. खोक्यावर ‘१५० डीबी’, ‘३०० डीबी’ असं छापलेलं असेल आणि किती अंतरावर मोजलं ते लिहिलं नसेल, तर त्या आकड्याला अर्थ नाही. मात्र असा माल विकणाऱ्याने मानकाची फिकीर केलेली नाही, एवढं त्यावरून कळतं.

दोन बारकावे आणखी. एका हॉर्नच्या जागी तितक्याच आवाजाचे दोन लावले तर आवाज दुप्पट होत नाही, फक्त ३ डेसिबल वाढतो. कानाला दुप्पट वाटायला साधारण १० डेसिबलची वाढ लागते. त्यामुळे ‘चार हॉर्न लावू, दणका बसेल’ हा हिशेब कागदावरही जमत नाही. चारने ६ डेसिबल वाढतात, वायरिंगवरचा भार मात्र चौपट होतो.

आधी जुना हॉर्न तपासा

हॉर्न बदलायला येणाऱ्या गाड्यांत पुष्कळदा हॉर्नचा काही दोष नसतो. त्याच्यापर्यंत करंटच नीट पोचत नाही. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी, असा प्रकार असतो. म्हणून दुकानात जाण्याआधी दहा मिनिटं मल्टिमीटर घेऊन बसा.

इंजिन चालू ठेवा. बॅटरीच्या दोन टोकांवर व्होल्टेज बघा, ते साधारण १३.५ ते १४.५ असायला हवं. आता कोणाला तरी हॉर्न दाबायला सांगा आणि तो वाजत असताना थेट हॉर्नच्या दोन पिनांवर मोजा. बॅटरीपेक्षा अर्ध्या व्होल्टपर्यंत कमी भरलं तर ठीक. दीड-दोन व्होल्ट गायब असतील तर दोष वाटेत आहे. तो शोधायला एक प्रोब बॅटरीच्या निगेटिव्हवर आणि दुसरा हॉर्नच्या अर्थच्या (निगेटिव्ह बाजूच्या) पिनवर धरा आणि हॉर्न वाजवा. इथे ०.२ व्होल्टपेक्षा जास्त दिसलं तर अर्थ खराब आहे. बोल्ट काढा, खालचा रंग आणि गंज पॉलिश पेपरने चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घालून परत आवळा आणि वरून थोडं ग्रीस लावा. पुण्याच्या चार महिन्यांच्या पावसात बंपरमागचे हे अर्थ सगळ्यात आधी सडतात. एवढ्याने हॉर्न पुन्हा खणखणीत झाला तर पुढचं वाचायची गरज नाही.

हॉर्न फक्त स्टिअरिंग एका बाजूला वळवल्यावरच वाजत असेल, किंवा मधूनच बंद पडत असेल, तर संशय स्टिअरिंगमधल्या क्लॉक स्प्रिंगवर घ्या. ही गुंडाळलेली चपटी पट्टी असते आणि हॉर्नच्या बटणाबरोबर एअरबॅगची वायरही तिच्यातूनच जाते. सोबत एअरबॅगचा दिवा लागला असेल तर स्टिअरिंगला हात लावू नका. ते काम अधिकृत सर्व्हिस सेंटरचं आहे. एअरबॅग चुकून उघडली तर हाताची बोटं आणि चेहरा, दोन्ही धोक्यात येतात.

कोणता घ्यावा

मोटारीसाठी दोनच प्रकार विचारात घ्या. डिस्क हॉर्न म्हणजे चपटी गोल डबी, आवाज जरा तीक्ष्ण, करंट एकेकाला साधारण ३.५ ते ५ अँपिअर. विंडटोन म्हणजे शंखासारखा गोल वळलेला प्लास्टिकचा कर्णा असलेला हॉर्न, आवाज भरदार आणि कानाला कमी बोचणारा, करंट साधारण ५ ते ६ अँपिअर. छोट्या गाडीच्या पातळ आवाजाला कंटाळून बदल करायचा असेल तर विंडटोनची जोडी घ्या. आवाज मोठा न होताही ‘मोठ्या गाडीचा’ वाटतो, कारण त्यात खालचा सूर भरलेला असतो, आणि बहुतेकांना खरं तर तेच हवं असतं.

घेताना हॉर्नच्या अंगावर बघा: बनवणाऱ्याचं नाव, १२ व्होल्ट, सूर वरचा की खालचा, आणि आयएस १८८४ किंवा एआयएस-०१४ चा उल्लेख किंवा आयएसआय मार्क. खोक्यावर असून उपयोग नाही, कारण खोकं गाडीबरोबर फिरत नाही. जोडी घेताना एक खालच्या आणि एक वरच्या सुराचा आहे ना, हे दुकानातच वाजवून खात्री करा. गर्दीत दोन्ही एकाच सुराचे हातात येतात आणि घरी गेल्यावर जोडी बेसूर वाजते.

प्रेशर हॉर्न मोटारीला नकोच. ट्रकमध्ये तो ब्रेकच्या हवेवर चालतो. मोटारीला लावायचा तर वेगळा छोटा कंप्रेसर बसवावा लागतो, जो सुरू होताना १५ ते २० अँपिअर खेचतो. आवाज ११२ च्या वर जातो, आणि नाही गेला तरी ‘कर्कश आणि घाबरवणारा’ या शब्दांतून सुटत नाही. इथे डेसिबल मोजण्याचीही गरज नसते, पोलिसाला बॉनेट उघडून कंप्रेसर दिसला की पुरे. २४ व्होल्टचे ट्रकचे हॉर्नही आणू नका. १२ व्होल्टवर ते नुसते कण्हतात.

वायरिंग

कंपनीची वायर आणि फ्यूज मूळ हॉर्नच्या हिशेबाने असतात. फ्यूज बहुतेक गाड्यांत १० किंवा १५ अँपिअरचा असतो. त्याच वायरवर जास्त करंट खाणारी जोडी लावली तर फ्यूज उडतो. मग कोणीतरी ३० चा फ्यूज टाकून देतो, आणि फ्यूजच्या जागी वायर जळते. नव्या गाड्यांत तर हॉर्नचा हुकूम बॉडी कंट्रोल मॉड्यूलमधून, म्हणजे गाडीतल्या छोट्या संगणकातून, येतो. ते मॉड्यूल जळलं तर खर्च हॉर्नच्या किमतीच्या कितीतरी पट होतो. उपाय एकच, वेगळा रिले: बटणाचा छोटा करंट फक्त रिले ओढतो आणि हॉर्नचा मोठा करंट थेट बॅटरीतून जातो.

लागणारं सामान: १२ व्होल्ट ३० किंवा ४० अँपिअरचा चार पिनांचा रिले सॉकेटसकट, वॉटरप्रूफ फ्यूज होल्डर, १५ अँपिअरचा ब्लेड फ्यूज (विंडटोनच्या जोडीला २०), २.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर साधारण ३ मीटर, १.५ ची २ मीटर, ०.७५ ची २ मीटर, थिंबल (वायरीच्या टोकाला दाबून बसवायचं धातूचं टोक), हीट श्रिंक स्लीव्ह (तापवल्यावर आवळणारी नळी), जाळीदार पाइप, केबल टाय, आणि मूळ कपलरमध्ये (हॉर्नला वायर जोडणाऱ्या प्लगमध्ये) बसणारा नर कपलर. हा शेवटचा कपलर महत्त्वाचा, कारण त्यामुळे कंपनीची एकही वायर कापावी लागत नाही.

सुरुवात बॅटरीचा निगेटिव्ह काढून करा. गाडीचा रेडिओ कोड मागणारा असेल तर तो आधी लिहून ठेवा.

रिलेवर चार आकडे असतात: ३०, ८५, ८६, ८७. बॅटरीच्या पॉझिटिव्हपासून २.५ ची वायर काढा, बॅटरीपासून १५-२० सेंटिमीटरच्या आतच फ्यूज होल्डर बसवा आणि वायर ३० ला न्या. फ्यूज हॉर्नजवळ बसवण्याची चूक सर्रास होते. तसं केलं की बॅटरीपासून फ्यूजपर्यंतची सगळी वायर उघडी पडते. ती पत्र्याला घासून सोलली गेली तर तिला थांबवणारं काहीच नसतं. ८७ पासून २.५ ची वायर हॉर्नजवळ नेऊन तिथे १.५ च्या दोन फांद्या करा, एकेका हॉर्नला एकेक.

आता मूळ हॉर्नचा कपलर. त्यात दोन वायरी असतील तर नर कपलर लावून ०.७५ च्या वायरींनी त्या ८५ आणि ८६ ला जोडा. बटण पॉझिटिव्ह देत असो की अर्थ, दोन्ही तऱ्हांत रिले ओढला जातो. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर मात्र पॉझिटिव्ह ८६ लाच हवा. डायोडची खूण रिलेच्या अंगावरच्या आकृतीत असते. कपलरला एकच वायर असेल तर बटण दाबल्यावर तिच्यात १२ व्होल्ट येतात का ते पाहा. येत असतील तर ती ८६ ला, आणि ८५ बॉडीला अर्थ करा.

हॉर्नचा अर्थ बॉडीवर घ्या, बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर नाही. अलीकडच्या बऱ्याच गाड्यांत त्या टोकावर बॅटरीचा सेन्सर असतो. थेट टोकावर जोडलेला करंट त्याच्या नजरेतून सुटतो आणि चार्जिंगचा हिशेब चुकतो. इलेक्ट्रिक किंवा हायब्रिड गाडीत फक्त १२ व्होल्टच्या बॅटरीशीच काम ठेवा, नारिंगी केबलच्या आसपास हातही नेऊ नका.

वायरीच्या जाडीवर कंजूषी का नको? १० अँपिअर करंट २ मीटर लांब ०.७५ च्या वायरीतून गेला की जवळजवळ अर्धा व्होल्ट वाटेतच जिरतो. २.५ च्या वायरीत तो ०.१५ व्होल्टपाशी थांबतो. महागडा हॉर्न आणून पातळ वायरीवर लटकवला तर पैसे आवाजात नाही, वायर तापवण्यात जातात.

बसवताना

हॉर्नचा कर्णा पुढे आणि थोडा खाली झुकलेला ठेवा, वर कधीच नको. सिंहगड रोडला पहिल्याच पावसात साठलेल्या पाण्यातून गाडी गेली की वर तोंड केलेला कर्णा भरतो आणि दुसऱ्या दिवशी हॉर्न गुळण्या करतो. कनेक्टरकडे जाणारी वायर आधी खाली झोळीसारखी सोडून मग वर घ्या, म्हणजे पाणी पिनेवर न जाता झोळीच्या तळाशी टपकतं.

हॉर्न सोबत आलेल्या पट्टीवरच बसवा. ती पातळ आणि लवचीक असते, कारण हॉर्नला थरथरायला जागा लागते. जाड पत्र्यावर घट्ट आवळला तर आवाज दबतो. हॉर्नचं अंग जाळीला, बंपरला किंवा रेडिएटरला टेकता कामा नये, बोटभर अंतर ठेवा. पुढच्या पत्र्यावर एअरबॅगचे आघात ओळखणारे सेन्सर असतात. त्यांच्या बोल्टवर हॉर्नची पट्टी चढवू नका आणि त्यांच्या शेजारी ड्रिलही मारू नका.

डिस्क हॉर्नच्या मागे लाखेने बंद केलेला छोटा स्क्रू असतो. ‘आवाज वाढवतो’ म्हणून तो फिरवणारे कारागीर भेटतील. तो आवाजाचा नव्हे, आतल्या कॉन्टॅक्टचा स्क्रू आहे. नव्या हॉर्नमध्ये तो फिरवला की करंट वाढतो, कॉन्टॅक्ट जळतो आणि वॉरंटीही जाते.

जोडणी झाल्यावर हॉर्न सतत वाजायला लागला तर लगेच फ्यूज ओढा. एक तर रिलेचे कॉन्टॅक्ट चिकटले आहेत, किंवा बटणाकडून रिलेला येणारी वायर कुठेतरी सोलून बॉडीला लागली आहे. रिलेचा फक्त ‘टक’ आवाज येतो आणि हॉर्न गप्प, तर ३० वर करंट येतो का ते बघा. रिले ‘टरर्र’ करतो तर कॉइलला व्होल्टेज कमी पडतंय, बहुधा ८५ चा अर्थ ढिला आहे.

मोजून पाहायचं असेल तर

मोबाइलच्या ॲपवर भिस्त ठेवू नका. फोनचा माइक बोलण्यासाठी असतो, मोठ्या आवाजाला तो दबतो आणि आकडा खोटा पडतो. ‘ए’ वेटिंग असलेला साधा साउंड लेव्हल मीटर मागून आणा. सोसायटीच्या पार्किंगमध्ये भिंती आणि छत आवाज परतवतात, तिथे मोजण्यात अर्थ नाही. मोकळी, सपाट, वस्तीपासून लांब जागा दिवसा निवडा. इंजिन बंद ठेवा, गाडीच्या नाकापासून बरोबर ७ मीटरवर मीटर स्टँडवर उभा करा आणि अर्धा ते दीड मीटर उंचीत जिथे सर्वांत जास्त आकडा येतो तो धरा. आजूबाजूचा गोंगाट हॉर्नपेक्षा निदान १० डेसिबलने कमी हवा. ९८ ते १०८ च्या मध्ये आलात तर मीटरची चूक धरूनही निर्धास्त राहता येतं. हा आकडा तुमच्या स्वतःच्या खात्रीसाठी. तो अधिकृत प्रमाणपत्राची जागा घेत नाही. कानात बोळे घालायला विसरू नका.

पावती कशाची फाटते

चुकीच्या हॉर्नला कायद्याची एकच नाही, अनेक कलमं लावता येतात, आणि कोणतं लागेल ते अडवणाऱ्या अधिकाऱ्यावर आहे. सगळ्यात हलकं कलम १७७, पहिल्यांदा ५०० रुपयांपर्यंत आणि पुन्हा केल्यास १५०० पर्यंत दंड. गाडीत परवानगी नसलेला बदल केला म्हणून मालकावर कलम १८२अ(४) लागू शकतं: सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दर बदलामागे ५००० रुपये दंड, किंवा दोन्ही. ‘दर बदलामागे’ हे शब्द हौशी मंडळींनी दोनदा वाचावेत. हॉर्नबरोबर सायलेन्सरही बदलला असेल तर ते दोन बदल झाले.

दंडाच्या रकमेने सगळ्यात जड कलम १९०(२), म्हणजे आवाज आणि प्रदूषणाची मानकं मोडणारी गाडी चालवणं किंवा चालवू देणं. पहिल्यांदा तीन महिन्यांपर्यंत कैद किंवा १०,००० रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, आणि वर तीन महिने लायसन्स अपात्र. ‘चालवू देणं’ म्हटल्यामुळे मुलगा किंवा ड्रायव्हर चालवत असला तरी मालक सुटत नाही. शिवाय गाडी कायद्यातल्या अटी पूर्ण करत नसेल तर कलम ५३ खाली नोंदणी प्राधिकारी, तुमचं म्हणणं ऐकून घेऊन, नोंदणी निलंबित करू शकतो.

चौकात अडवलं तर वाद घालण्यापेक्षा हॉर्नवरचा शिक्का आणि बिल दाखवा. बॉनेट उघडल्याबरोबर शिक्का दिसेल असा हॉर्न फिरवून बसवलेला असेल तर काम सोपं होतं. चलन चुकीचं वाटलं तर तिथेच तडजोड शुल्क भरून टाकू नका, एकदा भरलं की विषय संपतो. न भरता ऑनलाइन तक्रार करण्याची वाट मोकळी असते.

पीयूसीवाला हॉर्न बघत नाही, त्यामुळे पीयूसी आहे म्हणजे हॉर्नही पास, असं समजू नका. टॅक्सी-टेम्पोच्या फिटनेसला, आणि खासगी गाडीच्या १५ वर्षांनंतरच्या फेरनोंदणीला, हॉर्न तपासणीच्या यादीत असतो.

हॉर्न कायदेशीर, तरी वाजवणं बेकायदा

हॉर्न कितीही नियमात असला तरी विनाकारण, सतत किंवा गरजेपेक्षा जास्त वाजवला, किंवा हॉर्नवर फुली असलेल्या पाटीच्या हद्दीत वाजवला, तर कलम १९४फ खाली पहिल्यांदा १००० आणि नंतर दर वेळी २००० रुपये दंड आहे. ध्वनिप्रदूषण नियम, २००० प्रमाणे रुग्णालयं, शिक्षणसंस्था आणि न्यायालयं यांच्याभोवतीचा किमान १०० मीटरचा भाग शांतता क्षेत्र म्हणून घोषित करता येतो. ससूनसमोर किंवा शिवाजीनगर न्यायालयाजवळ सिग्नल सुटायच्या आधीच हॉर्न दाबणाऱ्यांनी हे लक्षात ठेवावं. याच नियमांत नंतर घातलेल्या ५अ प्रमाणे शांतता क्षेत्रात केव्हाही, आणि निवासी भागात रात्री १० ते सकाळी ६ या वेळात, सार्वजनिक आणीबाणी वगळता हॉर्न वाजवता येत नाही. सोसायटीच्या गेटवर रात्री अकराला वॉचमनला उठवायला दिलेला हॉर्न यातच येतो.

ट्रकच्या मागचं ‘हॉर्न ओके प्लीज’ लिहायला महाराष्ट्राच्या परिवहन आयुक्तांनी २०१५ मध्ये बंदी घातली, ती याच कारणाने: ते वाचून मागचा हॉर्न वाजवायला धजावतो. ताम्हिणी किंवा जुन्या कात्रज घाटातल्या आंधळ्या वळणावर एक छोटा, स्वच्छ हॉर्न देणं मात्र योग्यच आहे. नव्या जोडीचा खरा उपयोग तिथेच होतो.

विमा, वॉरंटी आणि जुने हॉर्न

गाडी वॉरंटीत असेल तर कापलेली वायर हे इलेक्ट्रिकल दावा नाकारायला आयतं कारण ठरतं. नर कपलर वापरून जोडणी केली असेल तर सर्व्हिसला देण्याआधी पंधरा मिनिटांत सगळं मूळ जागी येतं. विमा कंपनीला बदल लेखी कळवा. ई-मेल पुरे, सोबत बिलाची प्रत. पुढे बॉनेटखाली आग लागली तर सर्व्हेअर सगळ्यात आधी नंतर टाकलेलं वायरिंग आणि फ्यूज बघतो. बॅटरीजवळचा फ्यूज आणि कळवल्याची मेल, दोन्ही तेव्हा कामाला येतात. गाडीच्या मूळ किमतीत नसलेल्या इलेक्ट्रिकल वस्तूंची भरपाई त्या वेगळ्या जाहीर करून प्रीमियम भरला असेल तरच मिळते. हॉर्नच्या जोडीपुरतं ते करण्यात फारसा अर्थ नाही, पण बदल लपवण्यातही नाही.

काढलेले हॉर्न भंगारात देऊ नका. पिना ग्रीसने पुसून, बोल्टसकट प्लास्टिकच्या पिशवीत घट्ट बांधून, नव्या हॉर्नच्या बिलासोबत घरात कोरड्या जागी ठेवा. डिकीत टाकले तर स्टेपनीखालच्या ओलीने वर्षभरात गंजतात.